बडोद्यात जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? आधी सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा

दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात चारचाकी वळवायची म्हणजे कसब लागतं. सासऱ्यांची जुनी छोटी गाडी विकली तेव्हा घरात एकच ठरलं होतं: आता घ्यायची ती चार मीटरच्या आतली, पण जरा उंच आणि खड्ड्यात आपटणार नाही अशी. नवी परवडत नव्हती. चार महिन्यांत नऊ गाड्या पाहिल्या, एकीत दहा हजारांचं टोकन घालवलं आणि दहावी घरी आणली. नवऱ्याला गाड्यांतलं काही कळत नाही, मला त्याहून कमी कळत होतं. त्या चार महिन्यांत एक वही भरली. हा लेख त्या वहीतूनच उतरवला आहे.

खर्चाचे आकडे बडोद्यातल्या खासगी गॅरेजचे आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये याच कामांना सवा ते दीडपट धरा.

१. गाडीआधी स्वतःची धाव मोजा

तुमची गाडी रोज किती आणि कुठे धावणार, यावर निम्मे खर्च ठरतात. वापरलेल्यांच्या बाजारात ब्रेझा, नेक्सॉन, इकोस्पोर्ट, व्हेन्यू, एक्सयूव्ही३००, सोनेट अशी मंडळी भेटतात. यातली ब्रेझा २०१६ ते २०२० या काळात फक्त डिझेलमध्ये येत होती, पेट्रोल २०२० पासून. त्यामुळे कुणी "२०१८ ची पेट्रोल ब्रेझा" म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. इकोस्पोर्ट मनात असेल तर हेडलाइट, बंपर, दरवाजे यांची उपलब्धता आपल्या गॅरेजात आधी विचारून घ्या.

रोजचं जाणं-येणं रावपुरा ते अलकापुरी एवढंच असेल तर एप्रिल २०२० नंतरचं बीएस-६ डिझेल घेऊ नका. त्याच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जळून जायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते. साफ करायला आठ-दहा हजार, आणि बदलायचीच वेळ आली तर आकडा लाखाकडे जातो. रोज हालोल किंवा भरूचला जात असाल तर मात्र डिझेलसारखं सुख नाही.

ऑटोमॅटिक हवी असेल तर ती कोणत्या जातीची आहे ते विचारा. ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मांडवीच्या गर्दीत इंच-इंच सरकवला की तापतो, आणि त्याचं क्लचचं काम पन्नास हजारांच्या पुढेच असतं. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी, झटके देते, पण खिशाला तेवढी जड जात नाही.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रोटेस्ट झालेली हवी. नोंद नसलेलं किट म्हणजे क्लेमच्या वेळी विमा कंपनीच्या हाती आयतं कोलीत.

२. गाडी पाहण्याआधी कागद मागवा

पहिल्या फोनवरच आरसी, चालू विमा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी व्हॉट्सॲपवर मागवा. "आधी गाडी तर बघा" म्हणणाऱ्याकडे मी जाणंच बंद केलं. हे तपासा:

- आरसीवरचं नाव आणि समोर बोलणारा माणूस एकच आहे का. हा कितवा मालक?
- कर्जाचा बोजा, म्हणजे हायपोथिकेशन. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल.
- परिवहनच्या संकेतस्थळावर बाकी ई-चलन. गाडी नावावर करताना ते आडवं येतं.
- पीयूसी, सर्व्हिसची बिलं, दुसरी किल्ली. नवी किल्ली प्रोग्रॅम करून घ्यायला आठ-दहा हजार सहज जातात.
- चॅसिस नंबर. प्रत्यक्ष गाडीवर कोरलेला आकडा आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा.

जुन्या पॉलिसी कशाला, असं विक्रेता विचारतो. त्यात एनसीबी असतो: क्लेम न केल्याबद्दलची सवलत, २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जाणारी. मालक तोच, २०२४ च्या पॉलिसीत सवलत ४५ टक्के आणि पुढच्या वर्षी एकदम शून्य, याचा अर्थ मध्ये क्लेम झालाय. तो कसला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पॉलिसी खंड पडून उशिरा काढली तरीही शून्य होतो, म्हणून थेट आरोप करू नका, विचारा.

दिल्लीच्या नंबरची डिझेल गाडी फार स्वस्त दिसली तर हुरळून जाऊ नका. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये बंदीचा आदेश निघाला, तेव्हापासून त्या वयाच्या आसपास त्या गुजरातेत उतरतात. आणि पुण्याच्या मावसभावाची गाडी "घरातलीच आहे" म्हणून घेणार असाल, तर तिला महाराष्ट्रातून फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि रोड टॅक्स गुजरातमध्ये नव्याने भरावा लागतो. महाराष्ट्रातला परतावा मागता येतो, पण फेऱ्या मोजायची तयारी ठेवा.

३. पुरातली गाडी ओळखा

बडोद्यात जुनी गाडी घेणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस झाला. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी पुन्हा धोक्याची पातळी ओलांडून वस्तीत शिरली. समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा इथल्या पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आपण मगरींचे व्हिडिओ पाठवत बसलो, तेव्हा गाड्या पाण्यात होत्या.

त्या गाड्या गेल्या कुठे? दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगाराच्या भावाने पुढे विकली जाते. त्यातल्या काही सुट्या भागांसाठी फुटतात, काही धुऊन-पुसून परत बाजारात येतात. कमी बुडालेल्यांचा तर क्लेमही झालेला नसतो.

माझं टोकन अशाच एका गाडीत गेलं. चंदेरी रंग, आत मोगऱ्याचा वास, नवेकोरे मॅट, "एकदम लेडीज ड्रिव्हन, मॅडम". दलालाने दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय म्हणून सांगितलं आणि मी दहा हजार दिले. दुसऱ्या दिवशी आमचे मिस्त्री आले. त्यांनी ना बॉनेट उघडलं ना इंजिन चालू केलं. मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट ओढायला लागले. ओढतायत, ओढतायत, आणि अगदी शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली ती चहा सांडल्यासारखी तपकिरी, वर एक सरळ रेघ. माझ्याकडे बघून म्हणाले, "बेन, आ गाडी तरीने आवी छे." पोहून आलीय. दलालाने टोकन परत दिलं नाही.

सीट, मॅट, छत सगळं धुता येतं, पण बेल्टची आत गुंडाळलेली शेवटची पट्टी धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. तेवढ्यावर न थांबता आणखी पाहा:

- मागच्या डिकीत स्टेपनी उचलून खालचा खड्डा. कोपऱ्यात बारीक गाळ, टूलकिटवर गंज.
- पुढच्या सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट. पाच-सहा वर्षांच्या गाडीत तिथे लाल गंज असायचं कारण नाही.
- कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा. हाताला ओल, नाकाला कुबट वास.
- स्टिअरिंगखालचं ओबीडीचं सॉकेट, म्हणजे बिघाड वाचायचा स्कॅनर जोडतात ती जागा. आतल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर गाडी सोडा.
- हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ. एकच लाइट नवा असेल तर का, ते विचारा.
- इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. विझला नाही तर बिघाड. लागलाच नाही तर तो बहुधा कुणीतरी मुद्दाम गप्प केलाय. एअरबॅगचा कंट्रोल डबा बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतो, म्हणून पाणी त्याला आधी गाठतं.

पाण्यात बंद पडलेली गाडी कुणी स्टार्ट केली असेल तर सिलिंडरमध्ये पाणी जातं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड घेऊनही इंजिन काही महिने चालतं, आणि मग एक दिवस तो रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. इंजिनाचं ते काम सव्वा-दीड लाखाचं. माझं मत विचाराल तर पुरातली गाडी निम्म्या किमतीतही घेऊ नये. वायरिंगचे रोग दर पावसाळ्यात नव्याने निघतात.

४. इंजिन थंड असताना पोचा

सकाळी लवकरची वेळ ठरवा आणि पोचताक्षणी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुमच्यासाठी आधीच कुणी ते चालू करून ठेवलंय. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू होताना साखळी घासल्यासारखी खरखर आली आणि काही सेकंद टिकली तर टायमिंग चेनकडे बोट जातं, विशेषतः लाखाच्या पुढे गेलेल्या डिझेलमध्ये.

धूर पाहा: निळसर म्हणजे ऑइल जळतंय, दाट पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट जळतंय, डिझेलमध्ये भरपूर काळा म्हणजे इंजेक्टर किंवा टर्बो. हिवाळ्यातली पातळ वाफ वेगळी, तिला घाबरू नका. ऑइलच्या झाकणाच्या आत कॉफीवरच्या फेसासारखा थर असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील, गेल्याचा संशय धरा.

बॉनेटखाली वायरींच्या काळ्या वेष्टनाला टेप गुंडाळलेली आहे का तेही बघा. आपल्याकडे वाड्यांतून आणि बेसमेंटमधून उंदीर वायरी खातात. एखादी टेप चालेल, पण जागोजागी पट्ट्या मारलेलं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, नको.

५. चालवून पाहायचा रस्ता विक्रेत्याला निवडू देऊ नका

तो तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. तुम्ही तासभर मागा आणि तीन टप्पे करा.

पहिला, जुन्या शहरातले स्पीडब्रेकर, काचा वर आणि गाणी बंद. पुढून "खट-खट" आलं तर सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. हा आजार या गाड्यांत सर्दीइतका सामान्य आहे, त्याला भिऊ नका, भाव कमी करायला वापरा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. "कट-कट" आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट.

दुसरा, गेंडा सर्कल ते मनीषा चोकडीचा लांब उड्डाणपूल. आपल्या सपाट गावात चढण म्हणजे तेवढीच. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय दाबा. इंजिनाचा आवाज वाढतोय पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच गेलाय.

तिसरा, दुमाडहून एक्सप्रेसवे. ऐंशीला एकसुरी "हूं" असा आवाज आला आणि वळणावर बदलला तर व्हील बेअरिंग. ब्रेकला पायाखाली थरथर म्हणजे डिस्क वाकलीय.

एसी दुपारीच तपासा. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे असतो तेव्हा गाडी उभी ठेवून पंधरा मिनिटं एसी लावा. थोड्या वेळाने हवा कोमट झाली तर नुसता गॅस भरून भागेलच असं नाही, कूलिंग कॉइल गळतेय का तेही तपासून घ्या. सनरूफ असेल तर छताच्या कापडावर चारही कोपऱ्यांत डाग शोधा, त्याच्या पाणी जायच्या नळ्या धुळीने तुंबतात.

काट्यावर किलोमीटर कमी आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, ही जोडी जमत नाही. सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे ओळीने लावा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचे टायर, खोबणी कितीही दिसली तरी, बदलायचेच धरा.

६. मिस्त्री आणि स्कॅनर

दीड-दोन हजार देऊन स्वतःचा मिस्त्री न्या, दलालाने सुचवलेला नको. सोबत लागणारं सामान थोडंच: टॉर्च, पातळ लोहचुंबक (पुट्टी भरलेल्या पत्र्याला तो धड चिकटत नाही), टायरच्या खोबणीची खोली मोजायला नाणं आणि हजाराच्या आत मिळणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर. स्कॅनरने बिघाडाचा एकही कोड दाखवला नाही तर खूश होऊ नका. काल रात्री कोड पुसून ठेवणं दोन मिनिटांचं काम आहे. तासभर चालवून पुन्हा लावा.

७. किंमत म्हणजे विक्रेत्याचा आकडा अधिक तुमची वही

आमची दहावी, २०१९ ची पेट्रोल, ५ लाख ४० हजारांना ठरली. पहिल्या चार महिन्यांत झालेला खर्च असा:

- चार टायर, २१५/६० आर१६: ३१,२००
- बॅटरी: ५,४००
- दोन लोअर आर्म आणि लिंक रॉड, मजुरीसह: ७,८००
- पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क घासून घेणं: ३,६००
- एसीची कूलिंग कॉइल, गॅस, डॅशबोर्ड खोलायची मजुरी: ८,९००
- ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल: ६,७००

एकूण ६३,६००. यातलं टायर आणि सस्पेन्शन आधीच दिसलं होतं, म्हणून त्यावर मी पस्तीस हजार कमी करून घेतले. बॅटरी आणि कॉइल माझ्या नशिबी आली.

आमच्यावर न आलेल्या पण वहीत चौकशी करून लिहिलेल्या रकमा, अंदाजे: पेट्रोलचा क्लच सेट आठ ते बारा हजार, डिझेलचा बारा ते वीस. पुढचे दोन शॉकॲब्सॉर्बर सात ते दहा. एसीचा कॉम्प्रेसर पंधरा ते पंचवीस. टर्बो तीस ते पन्नास. डिझेलचा एकेक इंजेक्टर आठ ते पंधरा, आणि असतात चार. विक्रेत्याशी बोलताना "गाडीत काम आहे" असं मोघम म्हणू नका. कागदावर भाग आणि रक्कम लिहून त्याच्यासमोर ठेवा. गुजराती माणूस लेखी हिशोबाला मान देतो, हे मी इथे आयुष्य काढून सांगते.

८. पैसे आणि नाव बदलणं

टोकन द्या, पण मिस्त्रीने पाहिल्यावर, ऑनलाइन, आणि "तपासणीत पुराचं पाणी, अपघात किंवा कागदांत खोट निघाल्यास परत" एवढी ओळ मेसेजवर लिहून घेऊन. विकणारा व्यापारी असेल तर त्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओची अधिकृतता लागते, ती दाखवायला सांगा.

फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोन्हींवर विक्रेत्याची सही गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशीच घ्या. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे आधार आणि पॅन, फोटो. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा, आपलं आरटीओ दरजीपुऱ्याला. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. "नंतर करू" म्हणत सहा महिने गेलेली गाडी मी पाहिलीय: मालक कॅनडाला आणि आधारचा ओटीपी त्याच्या फोनवर.

विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे त्याची सवलत तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. नूतनीकरण करताना इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनासाठीचं जादा कवच जोडून घ्या. साध्या पॉलिसीत पाण्यात स्टार्ट करून गेलेल्या इंजिनाचा क्लेम अडतो, आणि आपलं गाव कसं आहे ते वर लिहिलंच आहे.

९. घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

मागची सर्व्हिस कधीही झाली असो, ऑइल आणि फिल्टर बदला, तिथून पुढे तुमचा हिशोब सुरू. ब्लूटूथमधून आधीच्या मालकाचे फोन नंबर काढून टाका. अलाइनमेंट-बॅलन्सिंगला हजारभर लागतील.

आणि फास्टॅग. जुना टॅग विक्रेत्याला बंद करायला सांगा आणि स्वतःच्या नावाचा घ्या. हे माझ्याकडून राहिलं. सुरतेला लग्नाला गेलो, येता-जाता करजणचा टोल आरामात पार केला, आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या मालकांचा फोन आला. "ताई, लग्न कसं झालं?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? "दोन्ही वेळचा टोल माझ्या खात्यातून गेलाय ना," म्हणाले. लगेच पैसे पाठवले, आणि त्याच दुपारी नवा टॅग काचेवर लावला.